नवीन शिक्षकांनो, वर्ग शांत करण्याच्या नादात या चुका टाळा

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत रुजू झाले तेव्हा तिसरी-चौथी माझ्याकडे आली. पहिला महिनाभर मला एकच गोष्ट हवी होती, शांतता. माझ्या बऱ्याचशा चुका तिथूनच झाल्या.

सगळ्यात महागात पडला तो "समजलं का?" हा प्रश्न. तिसरीला हातच्याची वजाबाकी शिकवली, विचारलं, वर्ग एका सुरात म्हणाला, "हो बाई!" मी चौथीकडे वळले. पाच मिनिटांत मागचा एक मुलगा पेन्सिलीला टोक करायला दाराशी गेला, येऊन बसला, पुन्हा गेला. मी ओरडले. मग त्याची पाटी बघितली. 42 वजा 17, उत्तर 35. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सातातून दोन वजा केले होते. बाकीच्या पाट्या पाहिल्या तर निम्म्या वर्गाचं तेच! तो दंगा करत नव्हता, अडला होता.

आता मी एक गणित देते आणि सगळ्यांना एकदम पाट्या वर करायला सांगते. कोण कुठे अडलंय ते लगेच दिसतं. अडलेल्यांना दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्या. एक गठ्ठा स्वतःच्या हाताने सोडला, बारा सुट्या काड्यांतून सात काढल्या की हातचा कुठून येतो ते कळतं. तोंडी प्रश्न विचारलात तर लगेच हुशार मुलाकडे बोट करू नका. मनात तीनपर्यंत मोजा, मागचे हातही वर येतात.

दोन इयत्ता एकत्र असतील तर एकीला काम दिल्याशिवाय दुसरीकडे वळू नका. रिकाम्या हातांचा गोंगाट होणारच. त्यावर आवाज चढवू नका, मुलं त्याहून वर चढवतात. टाळ्यांचा ठेका धरा, मुलं तो परत वाजवतात आणि थांबतात.

पहिल्याच दिवशी फळाभर नियम लिहू नका. तीन पुरेत, पण वह्या वाटणं, पाण्याला जाणं याचा आठवडाभर सराव घ्या.

एकाच्या चुकीसाठी अख्ख्या वर्गाला उभं करू नका. अंगठे धरायला लावणं, "ढ" म्हणणं तर नाहीच. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे.

घरी पावरा, कोरकू किंवा गोंडी बोलणारं मूल गप्प असेल तर त्याला मंद समजू नका. "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" असं विचारा आणि तो शब्द फळ्यावर लिहा.

आणि पालकांना फक्त तक्रारीसाठी बोलावू नका. पेन्सिलीला टोक करणाऱ्या त्या मुलाच्या घरी मी संध्याकाळी गेले तर आई दारातच घाबरली. "काय केलं बाई त्यानं?"

म्हटलं, "वजाबाकी केली. बरोबर आली, तेच सांगायला आले."