मोहफुलं वेचायला जाताना

मूल हे चंद्रपूर-गडचिरोली रस्त्यावरचं तालुक्याचं गाव. बाहेरचे लोक ताडोब्याला जिप्सीतून वाघ बघायला येतात. आमच्याकडच्या बायका त्याच जंगलाच्या बफरमध्ये, म्हणजे भोवतालच्या पट्ट्यात, टोपली घेऊन पायी जातात. माझं माहेर तिथलंच, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये मी आईसोबत मोहावर असते. यंदा पहिल्यांदा जाणाऱ्या पोरींसाठी हे लिहिते आहे.

मोह रात्रीपासून गळायला लागतो, म्हणून चारला उठून निघायची सवय सगळ्यांना. तसं करू नका. मोहाच्या गोडीनं अस्वलही येतं. अंधारात ते मान खाली घालून खात असतं, अगदी जवळ जाईपर्यंत ना त्याला कळत, ना आपल्याला. पायाखालचं पान नीट दिसायला लागलं की निघा. चितळांनी थोडी फुलं खाल्ली तर खाऊ दे.

कमीत कमी पाच जणी हव्यात. आमच्यात झाडं वाटलेली असतात, त्यामुळे जो तो आपापल्या मोहाखाली पांगतो. धोका तिथंच आहे. आम्ही आता सगळ्या मिळून एका झाडाखाली वेचतो, मग पुढच्या. फुलं ज्याच्या झाडाची त्याच्या टोपलीत. आणि एकीनं उभंच राहायचं. वाकलेला माणूस वाघाला माणसासारखा दिसत नाही, आणि वाघ बहुतेक मागून येतो. उभी असणारी फक्त बघते, अर्ध्या तासानं पाळी बदलते. तिचा वाटा कमी करायचा नाही हे आधीच ठरवा, नाहीतर कुणीच उभं राहणार नाही.

वानर एकाच दिशेला बघून खकारायला लागलं, चितळ पुन्हा पुन्हा ओरडलं, की वेचणं बंद. एकमेकींना चिकटून, तोंड त्या बाजूला ठेवून, हळूहळू मागे सरा. पळू नका. टोपली तिथंच राहू द्या. माझी काकू टोपलीसाठी दोन पावलं परत गेली होती. पळसाच्या झुडपाआड पट्टे हलले, तेव्हा मी तिचा पदर धरून ओढलं. रस्त्याला लागल्यावर वनविभागाच्या 1926 या नंबरवर कळवा.

झाडाखालचा पाला जाळू नका. काळ्या जमिनीवर फुलं उठून दिसतात, खरं आहे. पण मार्चच्या वाऱ्यात आग आपल्या झाडापुरती राहत नाही, आणि मोहाची रोपंही जळतात. आजोबांपासून आम्ही पाला जाळत आलो, आज आमच्या मोहाखाली एक रोप नाही. आता आम्ही पाला झाडून घेतो आणि जुन्या साड्या जोडून अंथरतो. फुलं साडीवर पडतात, गोळा करून टोपलीत ओतली की झालं. वाकायचा वेळ फार कमी होतो, आणि जंगलात वाकायचा वेळ कमी करणं हेच तर हवं आहे.

घरी आणल्यावर अंगणात पातळ पसरा, ढीग लावला तर आंबतात. तीन-चार दिवसांत तांबूस होतात. मुठीत दाबून बघा, हाताला चिकटली नाहीत की गोणीत भरा.