अमेरिकन साहित्याचा पेपर घेतलाय? मग सुरुवात एका जाहिरातीपासून करा

एमएला अमेरिकन साहित्याचा पेपर घेतलेली मुलं सेमिस्टरच्या सुरुवातीला भेटायला येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात लेखकांची यादी असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, सुरुवात कुठून करू?" यादी चांगलीच असते. पण तिच्यातल्या पहिल्या कादंबरीपासून सुरुवात केली, की वर्षअखेरीला कथानकं पाठ झालेली असतात, पात्रांची नावं पाठ झालेली असतात, आणि त्यांतली गुलाम माणसं पळत का होती, सापडली तर त्यांचं काय होणार होतं, हे मात्र धूसरच राहतं. म्हणून मी आधी एक जाहिरात वाचायला देते.

सप्टेंबर 1769, व्हर्जिनिया गॅझेट हे वर्तमानपत्र. जाहिरात देणारा थॉमस जेफरसन, वय वर्षं 26. त्याचा सँडी नावाचा गुलाम पळून गेलाय. वय पस्तिशीच्या आसपास, ठेंगणा, जरा अंगाने सुटलेला, रंग उजळ. जोडे शिवायचं काम करतो आणि ते मुख्यतः डाव्या हाताने करतो. जाडंभरडं सुतारकाम येतं, घोड्यांमधलंही कळतं. दारू पितो, प्यायला की उद्धट होतो. जाताना एक पांढरा घोडा नेलाय आणि जोडे शिवायची हत्यारंही. त्यावर कुठेतरी काम मिळवायचा प्रयत्न करेल. पकडून देणाऱ्याला बक्षीस: काउंटीत सापडला तर 40 शिलिंग, वसाहतीत इतरत्र 4 पौंड, दुसऱ्या वसाहतीत 10 पौंड.

सात वर्षांनी याच जेफरसनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला, सर्व माणसं समान जन्माला येतात असं म्हटलं. मुलं लगेच म्हणतात, हे ढोंग आहे. आहेच, जेफरसनच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. पण तेवढ्यावर थांबलात तर तुम्ही पुन्हा जेफरसनबद्दलच बोलत राहता. जाहिरात परत वाचा, या वेळी सँडीसाठी. ती त्याला पकडण्यासाठी लिहिली आहे, पण तिच्यातून एक कसबी, डावखुरा माणूस दिसतो. तो पळताना पोट कसं भरायचं याचा विचार करून हत्यारं सोबत घेतो. त्याने स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही. तो पुढे सापडला आणि 1773 मध्ये जेफरसनने त्याला विकून टाकलं. मालकाने लिहिलेल्या मजकुरातून गुलामाचं आयुष्य शोधायची ही सवय ज्याला लागली, त्याला पुढचा अर्धा अभ्यासक्रम आपोआप उघडत जातो.

यावरून मी वहीची एक पद्धत ठरवली आणि विद्यार्थ्यांनाही तीच सांगते. डाव्या पानावर कायदा: राज्यघटनेचं कलम, निकाल, अधिसूचना, जाहिरात. उजव्या पानावर त्याच सुमाराचं एखाद्या माणसाचं म्हणणं: आत्मकथन, पत्र, कविता, कोर्टातली साक्ष. हाताने उतरवायचं, कारण उतरवताना जे खटकतं ते स्क्रीनवर वाचताना निसटतं. साहित्याचे विद्यार्थी डावं पान टाळतात आणि इतिहासाचे उजवं. दोन्ही लागतं.

डाव्या पानावर आधी 1787 च्या घटनेतला तीन-पंचमांशाचा नियम घ्या. उत्तरपत्रिकांत दरवर्षी दिसतं, "गुलामाला तीन-पंचमांश माणूस मानलं जाई." त्याचा व्यवहार नीट समजून घ्या. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याला किती जागा, हे लोकसंख्येवर ठरणार होतं. गुलाम पूर्ण मोजावेत असा आग्रह मालकांचा होता आणि मुळीच मोजू नयेत असं म्हणणारे त्यांचे विरोधक होते, कारण ज्यांना मत द्यायचा अधिकार नाही त्यांच्या डोक्यांवर मालकांना जास्त जागा मिळणार होत्या. तडजोडीत तीन-पंचमांश ठरलं आणि गुलाम बाळगणाऱ्या दक्षिणेचं वजन कित्येक दशकं वाढलेलं राहिलं. हे कळल्याशिवाय पळपुट्या गुलामांना पकडून परत देण्याचा 1850 चा कायदा कसा मंजूर झाला हे कळत नाही.

आता उजवं पान. गुलामीतून निसटलेली हॅरिएट जेकब्स. नवख्या वाचकाला एकच आत्मकथन वाचायला वेळ असेल, तर मी तिचं सांगते. तिच्यासारख्याच गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसचं 1845 चं आत्मकथन सगळेच सुचवतात आणि ते वाचायलाच हवं. बाल्टिमोरच्या गल्लीत गोऱ्या पोरांना पाव देऊन अक्षरं शिकणारा तो मुलगा विसरता येत नाही. पण एका बाईला पळून जाणं कसं अवघड होतं, तिच्या मुलांचं काय, मालकाच्या वासनेपासून ती कशी वाचणार, हे जेकब्सकडे आहे.

जून 1835 मध्ये ती नॉर्थ कॅरोलिनातल्या एडेंटनमधून नाहीशी झाली. तिच्या मालकाने 100 डॉलर बक्षिसाची जाहिरात दिली; त्यात तिचं वय, उंची, रंग, शिवणकाम उत्तम येतं, कपडे नेटके घालते, असं सगळं आहे. ती उत्तरेला पळाली असेल असा त्याचा अंदाज होता. ती गावातच होती, आजीच्या घराच्या छपराखाली. जागा नऊ फूट लांब, सात फूट रुंद आणि सर्वांत उंच ठिकाणी तीन फूट. उजेड नाही, वारा नाही, उंदीर फिरतायत. तिथे तिने जवळजवळ सात वर्षं काढली. भिंतीला गिरमिटाने भोकं पाडून ती खाली खेळणारी आपली मुलं बघायची; मुलांना आई वर आहे याचा पत्ता नव्हता. मालकाला पत्रं लिहून ती न्यूयॉर्कहून टपालात टाकायची व्यवस्था करायची, म्हणजे तो तिकडे शोधत बसेल. 1842 मध्ये ती निसटली आणि 1861 मध्ये टोपणनावाने पुस्तक छापलं. पुढे कित्येक वर्षं अभ्यासक ते काल्पनिक आहे, दुसऱ्या कोणीतरी लिहिलंय, असंच मानत होते. ते तिचंच आणि खरं असल्याचं 1980 च्या दशकात जीन फेगन येलिन यांनी पत्रं-कागदपत्रं धुंडाळून सिद्ध केलं. मालकाची जाहिरात डावीकडे आणि तिचं पुस्तक उजवीकडे ठेवून वाचा.

यादवी युद्ध संपून गुलामी गेल्यावर जाहिरातींचं हे सदर उलटं होतं. 1865 नंतर ती देतात मुक्त झालेली माणसं. "माहिती हवी आहे" असं शीर्षक आणि खाली आई, भाऊ, विकून टाकलेली मुलं: अमुक मालकाकडे होतो, अमुक साली अमुक व्यापाऱ्याने नेलं, कोणाला ठाऊक असल्यास कळवावं. फिलाडेल्फियाच्या ख्रिश्चन रेकॉर्डर या वर्तमानपत्रात अशा जाहिराती येत आणि चर्चमध्ये वाचूनही दाखवल्या जात. कुटुंब या विषयावर मला यापेक्षा मोठं वाङ्मय माहीत नाही. व्हिलानोव्हा विद्यापीठाच्या प्रकल्पात त्या विनामूल्य वाचता येतात. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाने गुलामांची आत्मकथनं पूर्ण संहितेसह खुली ठेवली आहेत. आमच्या आधीच्या पिढीतल्या प्राध्यापकांना अशा पुस्तकांसाठी हैदराबादच्या अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटरला जाऊन मुक्काम करावा लागायचा.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर 1936 ते 1938 मध्ये घेतलेल्या, गुलामीत जन्मलेल्या वृद्धांच्या तेवीसशेहून अधिक मुलाखती आहेत. त्या वापरा, पण जपून. विचारणारे बहुतेक गोरे, सांगणारे अतिशय गरीब, मंदीचा काळ. समोरचा सरकारी माणूस पेन्शन मिळवून देईल अशी आशा अनेकांना होती. बोली कशी लिहायची हेही लिहून घेणाऱ्याने ठरवलेलं. "मालक चांगला होता" असं वाक्य आलं की ते कोणापुढे म्हटलंय, हे आधी बघा.

स्थलांतराचा भाग मुलं वेगळा विषय म्हणून वाचतात. इथे मी अडून बसते, कारण धागा तोच आहे. 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना नागरिकत्व मिळावं म्हणून झाली. त्याच दुरुस्तीच्या आधारावर सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला वाँग किम आर्क 1898 मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकला. 1882 पासून चिनी मजुरांना देश बंद होता, तरी इथे जन्मलेला चिन्यांचा मुलगा नागरिक ठरला. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एंजल आयलंड या बेटावरच्या स्थलांतर केंद्रात 1910 ते 1940 या काळात अडकवून ठेवलेल्या चिनी माणसांनी बराकींच्या लाकडी भिंतींवर कविता कोरल्या. इमारत पाडायच्या बेतात असताना 1970 मध्ये एका रेंजरचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

आणि आपली माणसं? बाहेरून आलेल्याला नागरिक व्हायचं, तर तो गोरा किंवा आफ्रिकन वंशाचा असावा लागे. 1923 मध्ये सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंड यांच्याविरुद्ध निकाल दिला. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात असलेला हा शीख सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. थिंड यांच्या बाजूने मांडलेला युक्तिवाद वाचाच: आपण उच्चवर्णीय आर्य आहोत, असा तो होता. आपल्याकडच्या विद्यार्थ्याने ते पान वगळू नये. या निकालाच्या आधारे आधी नागरिक झालेल्या भारतीयांचंही नागरिकत्व काढून घेतलं गेलं. त्यांतले वैष्णो दास बागाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत. मालमत्ता गेली, भारतात जायला अमेरिकन पासपोर्ट नाकारला गेला. 1928 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांचं शेवटचं पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. निकाल डावीकडे, पत्र उजवीकडे.

नागरी हक्कांच्या चळवळीवर साहित्य भरपूर आहे, तिथे मी फार सांगत नाही. एकच सुचवते: अलाबामातल्या माँटगोमेरीचा 381 दिवसांचा बस बहिष्कार वाचताना रोझा पार्क्सपाशी थांबू नका. त्याच शहरात काही महिने आधी, मार्च 1955 मध्ये, 15 वर्षांच्या क्लॉडेट कोल्व्हिनने बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला होता. बसमधला भेदभाव ज्या खटल्याने बेकायदा ठरला, त्यातल्या चार वादींपैकी ती एक. शाळकरी मुलीची कोर्टातली साक्ष हेही वाङ्मय आहे.

मग 1965. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायद्यावर सही झाली आणि ऑक्टोबरमध्ये, स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी, नव्या स्थलांतर कायद्यावर. राष्ट्रवार कोटा गेला. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला 100 माणसं. ज्या चळवळीने वंशावरून भेद करणारा कायदा लाजिरवाणा ठरवला, तिच्याच रेट्यात हे दार उघडलं, आणि त्यातून मराठी डॉक्टर, इंजिनिअर तिकडे गेले. "आम्ही गुणवत्तेवर आलो" असं अनेक घरांत ऐकू येतं. गुणवत्ता होतीच, ती 1950 मध्येही होती. मधल्या काळात अलाबामात लोकांनी मार खाल्ला होता.

तुलनात्मक विषय घेणाऱ्यांनी जात आणि वर्ण यांच्या साम्यांची यादी करत बसू नये. ती कोणालाही करता येते. जिथे प्रत्यक्ष देवाणघेवाण आहे तिथून निघा. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला. डॉ. आंबेडकर 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात होते, आणि 1946 मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली. डू बॉईस यांचं उत्तरही उपलब्ध आहे. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये अमेरिकेच्या लोकस्थितीवर आख्खं पुस्तक मराठीत लिहून ठेवलंय, आणि इंग्रजीच्या विभागात ते उघडणारे फार थोडे भेटतात.

अजूनही संशोधनाच्या सिनॉप्सिसला विषय सापडत नसेल, तर आपल्याच नात्यागोत्यात विचारा. 1965 च्या कायद्यानंतर गेलेल्या मराठी माणसांनी घरी लिहिलेली निळी एअरोग्राम पत्रं पुण्यात, सांगलीत, नागपुरात कपाटांतून पडून आहेत. शेजारी कोण राहतं, घर भाड्याने कोण देतं, कोण देत नाही, असं बरंच काही त्यांत सापडेल. लिहिणारे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. परवानगी घेऊन पत्रांचे फोटो काढा, तारखा लावा, आणि डाव्या पानासाठी त्या-त्या वर्षीचे व्हिसाचे नियम शोधायला घ्या.