होळकरी रुपया ओळखायचा कसा

नाणं आधी धुवायला घेऊ नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर यांतलं काहीही त्याला लागता कामा नये. काळा पडलेला थर घासून निघाला की नाणं लखलखतं आणि त्याची किंमत पडते. माती चिकटलेली असेल तर डिस्टिल्ड पाण्यात तासभर ठेवा आणि मऊ सुती कापडाने नुसतं टिपा.

यंत्रावर पाडलेली नाणी सोपी असतात. शिवाजीराव होळकरांच्या तांब्याच्या पाव आण्यावर नि अर्ध्या आण्यावर बसलेला नंदी आणि नागरी अक्षरं दिसतात. संवतातून ५७ वजा केले की साल मिळतं. संवत १९४४ म्हणजे १८८७.

डोकं खातो तो हाताने ठोकलेला चांदीचा रुपया. त्यावर फारसीत 'शाह आलम' एवढं लागलं की लोक "मुघलांचं नाणं" म्हणून मोकळे होतात. शाह आलम दुसरा १८०६ मध्ये वारला, पण होळकर, शिंदे, ईस्ट इंडिया कंपनी सगळेच त्याच्या नावाने रुपये पाडत होते, तो गेल्यावरही. तेव्हा नाव वाचत बसू नका, टांकसाळीची खूण शोधा. सूर्याचा चेहरा असेल तर मल्हारनगर, म्हणजे आपलं इंदूर. पिंडी आणि बेलपान दिसलं तर महेश्वरकडे बघा.

खूण सापडत नाही याचं कारण साधं आहे. ठसा चकतीपेक्षा मोठा असे, त्यामुळे पूर्ण मजकूर एकाही नाण्यावर मावत नाही आणि खूण अर्धी कडेबाहेर जाते. आधी नाणं सुलटं धरायला शिका. 'सन जुलूस' म्हणजे राज्यारोहणापासूनचं वर्ष. ते असलेल्या बाजूवर 'जुलूस'मधली एक लांब आडवी रेघ असते. ती आडवी येईपर्यंत नाणं फिरवा. टांकसाळीचं नाव असलंच तर तळाशी 'जर्ब' (म्हणजे 'पाडलं') या शब्दापाशी मिळेल. दिवा डोक्यावर नको. खोली अंधारी करून टॉर्च टेबलालगत आडवा धरा, म्हणजे झिजलेल्या सूर्याचीसुद्धा सावली पडते. दोन्ही बाजूंचे चार-चार फोटो चारही दिशांच्या उजेडात काढा आणि एकमेकांशेजारी ठेवून बघा. राज्यवर्षाच्या आकड्यावर मात्र फार विसंबू नका. कंपनीच्या मुर्शिदाबादी रुपयावर १९ सन वर्षानुवर्षं तसंच राहिलं.

आता खरं-खोटं. वाटीभर पाणी ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा. नाणं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जे दाखवेल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ११.२० ग्रॅमच्या रुपयाला १.०९ आलं तर भागाकार १०.२८, चांदी ठीक आहे. १.३० आलं तर ८.६, म्हणजे जर्मन सिल्व्हरसारखा, चांदीसारखा दिसणारा पण चांदी नसलेला काहीतरी माल. नाण्याला चिकटलेले बुडबुडे हिशेब बिघडवतात. काटा शून्यावर आणण्याआधीच पाण्यात साबणाचा एक थेंब टाका आणि बुडबुडे बोटाने सोडवा. एवढं करूनही फक्त धातू कळतो. आजच्या चांदीत ओतलेलं नाणंही या परीक्षेत पास होतं.

म्हणून भिंगाखाली कड बघा. ओतीव नाण्याच्या कडेला साच्याचा सांधा किंवा तो घासल्याच्या खुणा असतात, पृष्ठभागावर बारीक पुटकुळ्या असतात आणि अक्षरांचे कोपरे मेणासारखे गोल. ठोकलेल्या नाण्याची कड ठिकठिकाणी तडकलेली असू शकते. तो दोष मानू नका. जुन्या सराफांच्या छिन्नीचे घाव दिसले तरी घाबरायचं कारण नाही, तेव्हा चांदी तशीच तपासत. शके १७२८ चा संस्कृत लेखाचा यशवंतराव होळकरांचा दुर्मीळ रुपया मात्र कोणी स्वस्तात दाखवला, तर नमस्कार करून दुकानाबाहेर पडा.

शेतात किंवा जुन्या वाड्याच्या पायात हंडा निघाला तर वाटून घेऊ नका. १८७८ च्या निखात निधी (पुरलेलं धन) कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला की कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांवरचं नाणं परवान्याशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ते अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून का असेना.

ठेवायला पीव्हीसीची मऊ पाकिटं वापरू नका, नाण्याला हिरवा चिकट थर येतो. मायलरची (पारदर्शक पॉलिएस्टरची) पाकिटं घ्या आणि वजन, खूण, कुठून घेतलं ते आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा.