कोलोरॅडोत नव्याने आलात आणि सॅकमध्ये मावणारी .२२ रायफल घ्यायचीय?

रायफल बघायला दुकानात शिरण्याआधी आपल्या आय-९४ वर (अमेरिकेत शिरतानाच्या सरकारी नोंदीवर) काय लिहिलंय ते बघा. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. विकत घेणं सोडा, मित्राची रायफल हातात घेऊन जंगलात फिरणं किंवा रेंजवर भाड्याने घेऊन चालवणं हेही बाळगणंच धरलं जातं. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही.

तात्पुरत्या व्हिसावाल्यांना एक सरळ, कायदेशीर वाट आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू मुदतीचा शिकार परवाना. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला त्याआधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. त्याचं कार्ड मिळालं की राज्याच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याकडून स्मॉल गेमचा, म्हणजे सशासारख्या छोट्या शिकारीचा, परवाना काढायचा. सलग सहा महिने इथे राहिला असाल तर रहिवाशाच्या दरात मिळतो, नाहीतर बाहेरच्याचा दर. हा वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो. नवा न काढता ३१ मार्च उलटला, तर १ एप्रिलला कपाटातली रायफल आणि डब्यातली काडतुसं दोन्ही बेकायदा. हा एप्रिल फूल महागात पडतो, तेव्हा फोनवर रिमाइंडर लावा.

दुकानात फॉर्म ४४७३, म्हणजे बंदूक खरेदीचा संघीय फॉर्म, भरायचा असतो. त्यात व्हिसाचा प्रश्न आहे, अपवाद लागू होतो का हाही आहे. परवाना सोबत न्या. काही दुकानदारांना हा अपवाद माहीतच नसतो आणि ते नाही म्हणतात. वाद घालू नका, दुसरं दुकान गाठा. फॉर्मवर गांजाबद्दलही थेट प्रश्न आहे. डेन्व्हरमध्ये तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो म्हणून तो संघीय कायद्यात चालतो असं नाही. फॉर्मवर खोटं लिहिणं हा संघीय गुन्हा आहे, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात ग्रीन कार्डवाल्यालाही देशाबाहेर काढता येतं. इथे वयाची अट २१ आहे, पार्श्वभूमीची तपासणी राज्याचं सीबीआय (कोलोरॅडो ब्यूरो ऑफ इन्व्हेस्टिगेशन) करतं, आणि पैसे भरल्यावरही तीन दिवस थांबावं लागतं.

घरातली एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. नवऱ्याचं ग्रीन कार्ड आलंय, बायको अजून स्वतःच्या एच-१बी वर आहे, आणि तिजोरीचा कोड दोघांनाही माहीत आहे, तर रायफल तिच्याही ताब्यात आहे असं म्हणता येतं. कोड एकाकडेच ठेवा.

आता रायफल. सॅकमध्ये मावणाऱ्या .२२ मध्ये खरी निवड दोनच्या मधली आहे.

हेन्रीची एआर-७ ही यूजीन स्टोनरने आर्मालाइटसाठी आखलेल्या आणि १९५९ मध्ये बाजारात आलेल्या रायफलीची आजची आवृत्ती. वजन साडेतीन पौंड, म्हणजे सुमारे १.६ किलो. नळी, रिसीव्हर (चाप असलेला मधला भाग) आणि मॅगझिन (गोळ्यांची डबी) सगळं पोकळ दस्त्यात जातं, आणि उरतो तो साडेसोळा इंचांचा एकच तुकडा. मॅगझिन आठ गोळ्यांचं. दुसरी रुगर १०/२२ टेकडाउन, २०१२ साली आली. साधारण ४.७ पौंड, दहा गोळ्यांचं फिरतं मॅगझिन, दोन तुकडे. हिचं २५ गोळ्यांचं लांब मॅगझिन इंटरनेटवर सर्रास दिसतं, पण कोलोरॅडोत मर्यादा १५ ची आहे. ते मागवू नका. यापेक्षा हलकं हवं तर कियापाची लिटल बॅजर आहे, तीन पौंडांच्या आत, मध्ये दुमडणारी, एका वेळी एकच गोळी. तारेच्या दस्त्यावर गाल टेकवणं त्रासदायक असतं, पण बिघडण्यासारखं तिच्यात फारसं काही नाही. मार्लिन पपूज आता जुन्या बाजारातच मिळाली तर मिळते.

एकच घ्यायची तर रुगर घ्या. कारण वजनात सापडणार नाही, ते साइटच्या (नेम धरायच्या खुणेच्या) जागेत आहे. रुगरची पुढची आणि मागची अशा दोन्ही साइट नळीवरच बसवलेल्या असतात. रायफल शंभर वेळा सोडली-जोडली तरी नळी आणि साइट यांचं नातं बदलत नाही, त्यामुळे नेम जागेवर राहतो. एआर-७ ची पुढची साइट नळीवर आणि मागची रिसीव्हरवर असते. दोघांना जोडणारा नट अर्धा आटा ढिला झाला तरी नेम भरकटतो, आणि माणूस उगाच गोळ्यांना दोष देत बसतो. रुगरवर दुर्बीण लावली तर तीही रिसीव्हरवर बसते आणि हाच प्रश्न तिथेही येतो. जंगलासाठी साध्या साइटवरच चालवा.

रुगर जोडताना मॅगझिन काढा, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) बोट घालून ते रिकामं असल्याची खात्री करा. नळी तिरकी धरून आत सरकवायची आणि खटका वाजेपर्यंत फिरवायची. जोडावर एक कंगोऱ्यांची रिंग आहे. नळी हातात हलते असं वाटलं तर ती एकेक खाच आवळा. पहिल्या दिवशी एकदा नीट बसवली की पुन्हा तिला फारसा हात लावावा लागत नाही.

एआर-७ जोडताना आधी रिसीव्हर दस्त्यात बसवून मुठीच्या तळाची चकती फिरवून घट्ट करा. मग नळी. नळीवर एक छोटा उंचवटा असतो, तो रिसीव्हरच्या खाचेत बसलाच पाहिजे. न बसता नट फिरवला तर आटे चुकीच्या जागी चढतात आणि खराब होतात. नळी वाकडी बसल्यामुळे रिकामी टरफलंही धड बाहेर पडत नाहीत. आट्यांत वाळूचा कण असेल तर फुंकून काढा. नट हातानेच आवळायचा, पक्कड लावायची नाही. पहिल्या दहा गोळ्यांनंतर तो पुन्हा तपासा, तोपर्यंत थोडा सैल झालेला असतोच. बोल्टची दांडी आवरून ठेवण्यासाठी आत दाबलेली असते, ती बाहेर ओढायला विसरू नका. आणि रिकाम्या चेंबरवर चाप ओढू नका: .२२ मध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आदळते, काडतूस नसलं तर चेंबरच्या धातूवर. रुगरमध्ये हे अडवणारी खीळ आहे, त्यामुळे तिला चालतं.

एआर-७ अडकते ती बहुतेकदा मॅगझिनमुळे. त्याच्या वरच्या कडा पातळ पत्र्याच्या असतात. एकदा खडकावर पडलं की गोळी चेंबरच्या तोंडाशी अडून उभी राहते. कमी वेगाच्या गोळ्यांनी बोल्ट पुरता मागे जात नाही. ४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), गोल टोकाच्या, हाय व्हेलॉसिटी गोळ्या घ्या. म्हणजे सेकंदाला १२०० फुटांच्या पुढे. पहिल्या दोनशे रेंजवरच संपवा आणि जंगलात त्याच कंपनीच्या न्या. पन्नास गोळ्यांचं वजन १७० ग्रॅमच्या आसपास भरतं, जंगलात तेवढ्या पुरतात. नेम ५० यार्डांवर लावा. तेवढ्याच अंतरापर्यंत ससा मारायचा विचार करावा. १०० यार्डांवर गोळी पाच-सहा इंच खाली उतरते.

चाप ओढला आणि गोळी उडाली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा, मगच बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी अजिबात मारू नका. आधीची नळीतच अडकलेली असू शकते. गोळी छोटी दिसली तरी दीड मैलापर्यंत जाऊ शकते, आणि पाण्यावरून किंवा ग्रॅनाइटवरून उडते. मागे मातीचा उतार असेल तिथेच मारा.

रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये राज्याच्या कायद्यात बसत असेल तर बंदूक नेता येते, चालवता येत नाही. नॅशनल फॉरेस्टमध्ये घर, कॅम्पसाइट किंवा माणसांचा वावर असलेल्या जागेपासून १५० यार्डांच्या आत, किंवा रस्त्यावरून आणि पाण्यावरून गोळी झाडायला मनाई आहे. वणव्याच्या दिवसांत निर्बंध लागले की टार्गेट शूटिंगवरही बंदी येऊ शकते, म्हणून निघण्याआधी त्या त्या रेंजर ऑफिसला फोन करा. गाडीत चेंबर रिकामंच असलं पाहिजे, हा कायदा आहे. गाडी सोडून जाणार असाल तर रायफल कुलूपबंद पेटीत, नजरेआड. रुगरसोबत येणारी कापडी बॅग नुसती, कुलपाविना, पुरत नाही.

'सर्व्हायव्हल'बद्दल थोडं रोखठोक. इथे कॉटनटेल आणि स्नोशू ससे यांचा मोसम १ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर. आपली मंडळी ट्रेकला जातात जुलै-ऑगस्टमध्ये. त्या दिवसांत ससा मारला तर ती मोसमाबाहेरची शिकार ठरते, आणि ती रायफल म्हणजे पाठीवरचं दीड-दोन किलोचं ओझं. वाट चुकलेल्या माणसाला आधी ऊब आणि पाणी लागतं. भूक आठवडाभर ढकलता येते. उन्हाळ्यात तेवढ्याच वजनात सॅटेलाइट मेसेंजर, जादा गरम थर आणि पाण्याचा फिल्टर बसतो. अस्वलासाठी .२२ चा उपयोग नाही, बेअर स्प्रे घ्या. हिवाळ्यात सशांच्या मागे जाणार असाल तर मात्र ही रायफल खरी कामाची. ससा सोलताना रबरी हातमोजे घाला आणि मांस पूर्ण शिजवा, कारण सशापासून ट्युलॅरेमिया हा जिवाणूंचा आजार होऊ शकतो. नुसत्या सशाच्या मांसावर फार दिवस काढता येत नाहीत, त्यात चरबी फारच कमी असते. सोबत तूप किंवा शेंगदाणे ठेवा.

देशांतर्गत विमानात रायफल न्यायची तर रिकामी, कडक आणि कुलूपबंद पेटीत, चेक-इन सामानात, आणि काउंटरवर सांगूनच. सुटी नळीसुद्धा केबिन बॅगेत चालत नाही. काडतुसं मूळ खोक्यात. बहुतेक कंपन्या ५ किलोपर्यंत नेऊ देतात.

भारतात जाताना मात्र जंगलात वापरलेली सॅक नेऊच नका. अस्तराच्या शिवणीत राहून गेलेली एक .२२ ची गोळी मुंबई विमानतळावरच्या क्ष-किरण तपासणीत दिसते आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. ती नकळत राहिली हे नंतर कोर्टात मांडता येतं, पण तोवर सुट्टी संपलेली असते आणि परतीचं तिकीट वाया गेलेलं असतं. सॅक तीच न्यायची वेळ आली तर प्रत्येक खिसा उलटा करा, कमरेच्या पट्ट्याची फटही बोटांनी चाचपा, जॅकेटचे खिसे वेगळे बघा. रिकामं टरफल सापडलं तरी काढून टाका, त्यावरूनही चौकशी सुरू होते.