ई-बुक्सची लायब्ररी क्लाउडवर नीट कशी ठेवायची

कॅलिबर (ई-बुक्सची लायब्ररी सांभाळायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, चालू लायब्ररीचा फोल्डर थेट गुगल ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्सच्या सिंक फोल्डरमध्ये, म्हणजे आपोआप क्लाउडशी जुळत राहणाऱ्या फोल्डरमध्ये, ठेवू नका. त्या फोल्डरमध्ये मेटाडेटा डॉट डीबी नावाची फाईल असते, तुमचे टॅग, सिरीज, रेटिंग सगळं तिच्यात, आणि कॅलिबर त्यात लिहित असतानाच सिंकने ती उचलली किंवा दोन कॉम्प्युटरवरून एकदम बदल झाले की ती बिघडू शकते. माझं असंच झालं होतं, पुस्तकं सगळी जागेवर पण यादीतली निम्मी गायब, दोन रात्री गेल्या निस्तरण्यात.

म्हणून लायब्ररी साध्या लोकल फोल्डरमध्ये ठेवायची, कॅलिबर पूर्ण बंद करायचं आणि मग अख्खा फोल्डर क्लाउडवर कॉपी करायचा. सेटिंग्ज, प्लगइन पण हवे असतील तर कॅलिबरमध्येच सगळा डेटा एक्स्पोर्ट करायची सोय आहे, ती वापरा.

आणि सिंक म्हणजे बॅकअप नाही हो! इथे चुकून डिलीट केलं की तिकडूनही उडतं, गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाईल ३० दिवसच राहते. आरक्लोन (क्लाउडवर फाईली पाठवायचं कमांडवर चालणारं टूल) वापरत असाल तर सिंक कमांड नको, कॉपी वापरा, ती तिकडच्या फाईली डिलीट करत नाही. गुगलची फुकट १५ जीबी जागा मेल आणि फोटोंसकट असते, तेवढं बघून घ्या. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू ठेवा, एक कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर पण असू द्या.

महिन्या-दोन महिन्यांनी बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये डाउनलोड करून कॅलिबरमध्ये उघडा, चार-पाच पुस्तकं खरंच उघडतायत का बघा.