ओव्हरक्लॉकनंतर संगणक सुरूच होत नसेल तर

पंखे फिरतायत, कॅबिनेटचे दिवे लागलेत, पण स्क्रीन काळी. प्रोसेसरचा वेग वाढवून (म्हणजे ओव्हरक्लॉक करून) सेटिंग सेव्ह केल्यावर असं झालं की मनात पहिलं येतं ते ‘प्रोसेसर गेला’. बहुधा तो गेलेला नसतो. आताचे प्रोसेसर तापले की स्वतःच वेग उतरवतात, मर्यादेबाहेर तापले तर बंद होतात. नुसता मल्टिप्लायर (वेग ठरवणारा गुणक) जास्त ठेवल्याने प्रोसेसर जळत नाही. इजा होते ती वाढवलेल्या व्होल्टेजने. शिवाय संशय प्रोसेसरवर असतो तेव्हा पुष्कळदा दोषी निघते रॅम, कारण प्रोसेसरचा वेग वाढवताना त्याच बैठकीत एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वेग वाढवणारी तयार सेटिंगही चालू केलेली असते.

म्हणून कूलर काढायच्या फंदात लगेच पडू नका. खाली दिलेल्या क्रमानेच जा.

आधी थांबा

रॅमची किंवा प्रोसेसरची सेटिंग बदलल्यावर मदरबोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमशी जुळवून घेतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ वर हे काही सेकंदांत उरकतं. डीडीआर५ वर, विशेषतः एएमडीच्या एएम५ बोर्डवर, काही मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ स्क्रीन काळीच असते. घाबरून मध्येच बटण दाबलं की ट्रेनिंग पुन्हा पहिल्यापासून. सरळ १० मिनिटं द्या. संगणक दोन-तीनदा आपोआप बंद-चालू झाला तरी होऊ द्या. बरेच बोर्ड अशा फसलेल्या प्रयत्नांनंतर स्वतःच मूळ सेटिंगवर येतात आणि ओव्हरक्लॉक फसल्याचा संदेश दाखवतात. तो दिसला तर निम्मं काम झालं. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांवर) जा, डिफॉल्ट म्हणजे मूळ सेटिंग लोड करा, सेव्ह करा.

थांबताना बोर्डकडे बघा. बऱ्याच बोर्डांवर २४ पिनच्या जोडणीजवळ चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड) आणि बूट. अडकून राहिलेला दिवा कुठे अडलंय ते सांगतो. डीरॅमवर अडकला तर रॅम किंवा तिच्या सेटिंगवर संशय घ्या. सीपीयूवर अडकला तर वेग किंवा व्होल्टेजवर. बूटवर अडकला असेल तर प्रोसेसर-रॅम ठीक आहेत, प्रश्न डिस्कचा किंवा विंडोजचा आहे. काहीच सुरू होत नसेल, पंखासुद्धा फिरत नसेल, तर ते ओव्हरक्लॉकचं लक्षण कमी आणि एसएमपीएसचं (वीज पुरवणाऱ्या डब्याचं) किंवा सैल वायरचं जास्त.

बायोसची सेटिंग पुसणे

१. संगणक बंद करा, एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा आणि भिंतीतली पिन काढा. नुसता संगणक बंद करणं पुरेसं नाही. बोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा चालू राहतो.

२. पिन काढल्यावर कॅबिनेटचं पॉवर बटण १० ते १५ सेकंद दाबून धरा. कपॅसिटरमध्ये उरलेला चार्ज निघून जातो.

३. कॅबिनेटच्या पत्र्याला, जिथे रंग नाही तिथे, हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा.

४. बोर्डवर सीमॉस (बायोसची सेटिंग साठवणारी जागा) क्लिअर करायच्या दोन पिना शोधा. आसुसवर बहुधा सीएलआरटीसी, एमएसआयवर जेबॅट१, गिगाबाइटवर सीएलआर सीमॉस असं लिहिलेलं असतं. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दोन्ही पिना ५ ते १० सेकंद एकत्र टेकवा. तीन पिना आणि त्यावर प्लास्टिकची टोपी असेल तर टोपी १-२ वरून २-३ वर सरकवा, १० सेकंद थांबा आणि आठवणीने परत १-२ वर आणा. टोपी २-३ वर राहिली तर काही बोर्ड सुरूच होत नाहीत, आणि मग नसलेला दोष शोधण्यात दिवस जातो. महागड्या बोर्डांच्या मागे यासाठी वेगळं बटणच असतं.

५. पिना सापडत नसतील तर सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल काढून ५ ते १० मिनिटं बाहेर ठेवा. काही बोर्डांवर तो ग्राफिक्स कार्डाखाली दडलेला असतो. परत बसवताना अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असलेली बाजू बहुधा वर येते. काढण्यापूर्वी बघून ठेवा. सेल जुना असेल तर नवाच घाला, घड्याळाच्या दुकानात मिळतो.

पुसल्यावर पहिली सुरुवात पुन्हा सावकाश होते. इथेही १० मिनिटांचा नियम.

संगणक चालू झाला, पण विंडोज येत नाही

इथे बरेच जण चुकीच्या रस्त्याला लागतात आणि विंडोज नव्याने टाकून बसतात. सीमॉस पुसताना फक्त ओव्हरक्लॉक पुसला जात नाही, सगळंच पुसलं जातं. डिस्कशी बोलण्याचा मोड बदलतो (रेड, व्हीएमडी, एएचसीआय हे असे मोड): आधी रेड किंवा इंटेलचं व्हीएमडी चालू असेल आणि आता एएचसीआय झालं असेल, तर निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ येतं. विंडोज शाबूत असते, तिला डिस्क सापडत नसते. मोड पूर्वीसारखा करा, विंडोज येईल. जुन्या पद्धतीने टाकलेल्या विंडोजला सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होऊ देणारी बायोसमधली सोय) चालू लागतं. डिफॉल्टमध्ये ते बंद असेल तर बूट डिस्कच नाही असा संदेश येतो. तारीख जुनी झाली तर विंडोज उघडते, पण ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करतो.

सगळ्यात तापदायक बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन. बायोसमध्ये बदल झाला की डिस्क एन्क्रिप्ट असलेली विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन होत असेल तर ती बहुधा त्या खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खातं उघडून बघता येते. एएमडीच्या बोर्डवर एफटीपीएम (एन्क्रिप्शनच्या कळा जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट करायचं का, वाय की एन, असं विचारलं तर ही की हातात नसताना वाय दाबू नका. म्हणूनच बायोसला हात लावण्याआधी प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि ही की कागदावर उतरवून ठेवावी.

विंडोजच्या फाइल खरोखर बिघडल्या असतील तर दुरुस्ती डिफॉल्ट वेगावरच करा. रॅम चुकीचे आकडे देत असताना दुरुस्ती चालवली, तर चुकीच्याच गोष्टी डिस्कवर लिहिल्या जातात. डिफॉल्टवर आल्यानंतर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि एसएफसी, एक जागा सोडून स्लॅश स्कॅननाउ हा आदेश चालवा.

पुसूनही स्क्रीन काळीच असेल

सगळ्या रॅम काढा. एकच कांडी प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत बसवा. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांवर हीच ए२. क्लिक असा आवाज येईपर्यंत दाबा. नाही झालं तर दुसरी कांडी, मग दुसरी खाच. सोनेरी टोकांवर खोडरबर फिरवण्याची आपल्याकडची पद्धत पावसाळ्यात, दमट खोलीत बंद पडून राहिलेल्या मशीनवर कामी येते. काल रात्रीपर्यंत चालू असलेल्या मशीनवर तिचा उपयोग नाही.

मग वरच्या कोपऱ्यातली ८ पिनची सीपीयू पॉवरची जोडणी काढून पुन्हा घट्ट बसवा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे ना तेही बघा. नावात एफ असलेल्या इंटेल प्रोसेसरला अंगचं ग्राफिक्स नसतं, त्यामुळे बोर्डच्या एचडीएमआयवर काही दिसणारच नाही.

बोर्डला बायोस फ्लॅशबॅकची (पेनड्राइव्हवरून बायोस नव्याने भरण्याची) सोय असेल तर ती वापरा. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या नावाने फाइल ठेवून, ठरलेल्या यूएसबी पोर्टमध्ये लावायची आणि बटण दाबून धरायचं. दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. वीज जाण्याची धास्ती असेल तर हे काम पुढे ढकला किंवा यूपीएसवर करा. घरचा इन्व्हर्टर इथे कामाचा नाही; वीज गेल्यावर तो पुरवठा हाती घेईपर्यंतच्या क्षणात संगणक रीस्टार्ट होऊ शकतो.

कूलर काढायची वेळ आलीच तर एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या रायझन प्रोसेसरमध्ये जपून. पिना प्रोसेसरच्या अंगाला असतात आणि कूलरखालची घट्ट झालेली पेस्ट कूलरसोबत प्रोसेसरही सॉकेटमधून उपटते. कूलर सरळ ओढू नका, डावी-उजवीकडे थोडा थोडा पिळत सोडवा.

पुन्हा वेग वाढवताना

आधी डिफॉल्टवर मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामचे चारही फेरे होऊ द्या. एकही चूक आली तर ओव्हरक्लॉक विसरा, रॅम बदला. मग एका वेळी एकच गोष्ट. एक्सएमपी बंद ठेवून प्रोसेसरचा वेग १०० मेगाहर्ट्‌झने वाढवा, सिनेबेंच आणि ओसीसीटी हे भार टाकून तपासणारे प्रोग्राम चालवा, मगच पुढची पायरी. तो बसला की डिफॉल्टवर येऊन एकट्या एक्सएमपीची चाचणी. दोन्ही वेगवेगळे टिकले तरच एकत्र.

बेस क्लॉक (ज्याला मल्टिप्लायरने गुणून प्रोसेसरचा वेग ठरतो) १०० मेगाहर्ट्‌झवरून हलवू नका. बऱ्याच बोर्डांवर त्याच्यासोबत पीसीआयई आणि डिस्कही ओढल्या जातात. रायझन ५००० मध्ये इन्फिनिटी फॅब्रिक (प्रोसेसरच्या आतले भाग जोडणारी वाट) १८०० पर्यंत सहसा चालतं, २००० ला पुष्कळ प्रोसेसर सुरूच होत नाहीत. रायझन ५००० च्या प्रोसेसरना सगळ्या कोअरवर कायमचा १.३ व्होल्टच्या वर देऊ नये. एएम५ वर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांचं) १.३ च्या आत हवं; २०२३ मध्ये काही एक्स३डी प्रोसेसर जळाल्यावर एएमडीनेच ही मर्यादा घातली. कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये (कोअरचं व्होल्टेज कमी करणारी रायझनची सेटिंग) उणे ३० टाकून मशीन सिनेबेंचमध्ये झकास पळतं आणि रिकामं बसलेलं असताना रीस्टार्ट होतं. हा दोष फसवा असतो, कारण चाचणी भाराखाली घेतलेली असते. एकेका कोअरला उणे १० पासून सुरुवात करा.

अर्थात सगळ्याच प्रोसेसरवर हे जमत नाही. इंटेलमध्ये मल्टिप्लायर वाढवायला नावात के आणि झेड मालिकेचा चिपसेट लागतो. एएमडीत ए३२० आणि ए५२० वर प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही. इंटेलच्या १३ व्या-१४ व्या पिढीचा प्रोसेसर डिफॉल्टवरही अडखळत असेल, तर आधी बायोस अपडेट करा. त्यांच्यात जादा व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोड दुरुस्त केला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. आधीच झिजलेला प्रोसेसर मात्र अपडेटने सुधारत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

सांगली-मिरजेकडे आणखी एक हिशोब धरावा लागतो. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७८ अंश दाखवणारा प्रोसेसर, मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत साधारण ९४ वर जातो. खोलीचं तापमान जेवढं वाढतं, जवळजवळ तेवढंच त्याचंही. रायझन ५ ५६००एक्सची मर्यादा ९५ आहे, म्हणजे हाताशी काहीच उरत नाही. हिवाळ्यात सेटिंग ठरवताना भारावरचं तापमान ७५ च्या आत ठेवा, नाहीतर अंतिम चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्या. उलट थंडीत सकाळी पहिल्यांदा अडणारं आणि दुसऱ्यांदा सुरू होणारं मशीन बहुतेक वेळा रॅमच्या सेटिंगवर अडलेलं असतं. एक्सएमपीचा वेग थोडा उतरवा, ३६०० ऐवजी ३४६६.

इतकं करूनही दिवा सीपीयूवरच अडत असेल, तर विश्रामबागेत किंवा मिरजेत दुरुस्तीवाल्याकडे नेऊन एवढंच सांगा: हा प्रोसेसर दुसऱ्या बोर्डवर लावून बघा. ओव्हरक्लॉक केला होता हे लपवू नका, किती व्होल्टेज दिलं होतं तेही सांगा; त्यावरून तो बोर्डची व्हीआरएम (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारा भाग) आधी तपासेल की प्रोसेसर हे ठरतं. एएमडीच्या वॉरंटीत ओव्हरक्लॉकने झालेलं नुकसान धरलं जात नाही, हे ध्यानात ठेवून खर्चाचा अंदाज आधीच विचारा. मशीन सुरू झालं तर चालणारी सेटिंग बायोसमधल्या प्रोफाइलमध्ये आणि पेनड्राइव्हवर, दोन्हीकडे सेव्ह करा. बोर्डमधलं प्रोफाइल बायोस अपडेट केल्यावर बहुधा पुसलं जातं, आणि पेनड्राइव्हवरचंही नव्या बायोसमध्ये चालेलच असं नाही, म्हणून फोटो तेवढे जपून ठेवा.