एसयूव्हीचे टायर घेताना या चुका टाळा. बर्फात जाणार असाल तर आणखी दोन-तीन

सोलापुरातल्या माझ्या टायरच्या दुकानात आलेल्या माणसाला माझा पहिला प्रश्न असतो, "साइज काय?" उत्तर ठरलेलं, "सतराचे आहेत." अहो, सतरा ही डिस्कची, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाची साइज झाली. कापडाच्या दुकानात जाऊन "गळा पंधराचा आहे, शर्टपीस द्या" म्हणण्यातला प्रकार.

टायरच्या कडेला सगळं लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ २३५/६५ आर १७, १०४ एच. २३५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ ही कडेची उंची, पण मिलिमीटर नव्हे, रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. 'रेडियस' म्हणून छातीठोकपणे सांगणारे रोज भेटतात. १७ हा डिस्कचा व्यास इंचात. १०४ म्हणजे एक टायर ९०० किलो उचलतो, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत चालतो.

जुनी गाडी घेतली असेल तर टायरवरचा आकडाही प्रमाण मानू नका. आधीच्या मालकाने काय बसवलं असेल ते त्यालाच ठाऊक. ड्रायव्हरचं दार उघडा, खांबावर कंपनीच्या साइजचा स्टिकर असतो. मी गिऱ्हाइकाचं ऐकून घेतो आणि आधी दार उघडतो.

"गाडी जरा उंच दिसली पाहिजे"

हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो, कारण एकदा मी ते ऐकलं आणि मान हलवली.

सांगोल्याकडचे एक डाळिंबवाले बागायतदार. स्कॉर्पिओ, साइज वर सांगितलेलीच, २३५/६५ आर १७. पाव्हण्यांच्या फॉर्च्युनरचे टायर डोळ्यांत भरलेले, तेव्हा "२६५/६५ आर १७ टाका, डिस्क सतराचीच आहे की." मी म्हटलं, घासेल. ते म्हणाले, "तुम्ही नाही टाकले तर पुढचा टाकतोय." धंद्यात नवा होतो, महिनाअखेर होती, टाकले. रिकामी गाडी दुकानासमोर गोल फिरवली, काही घासलं नाही. चहा झाला, फोटो झाले.

आता हिशेब बघा. जुन्या टायरचा व्यास ७३७ मिलिमीटर, नव्याचा ७७६. पाच टक्क्यांहून जास्त फरक. काटा ८० दाखवतो तेव्हा गाडी ८४ ने पळते. पिकअप मरतो, कारण इंजिनाला प्रत्येक फेरीत मोठं चाक ओढायचंय. आणि एवढा खटाटोप करून गाडी वर उचलली गेली ती जेमतेम साडेएकोणीस मिलिमीटर. अंगठ्याएवढीसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी मंडळी तुळजापूरला निघाली, गाडीत लहानमोठी नऊ माणसं. तुळजापूरच्या घाटात वळणावर स्टिअरिंग पूर्ण तोडलं की पुढून खर्रर्र आवाज आणि जळक्या रबराचा वास. भरलेली गाडी खाली बसली होती, टायर मडगार्डच्या आतल्या लायनरला घासत होता. त्यातच मागचं एक चाक पंक्चर झालं. स्टेपनी काढली, आणि ती जुन्याच साइजची! चार टायरचे पैसे दिलेले, पाचवा कशाला, हा विचार त्यांचा. मीही आठवण केली नाही, ही चूक माझी. आता मागच्या एका बाजूला ७७६ चं चाक, दुसऱ्या बाजूला ७३७ चं. डिफरन्शियल वळणावर दोन चाकांना कमी-जास्त फिरू देण्यासाठी असतं. इथे ते सरळ रस्त्यावरही तेच काम करत बसलं. तशीच गाडी दामटत सोलापूरला आणली. रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलेलं असताना मागून गुंगुं आवाज करत ती दारात उभी राहिली. पुढच्या दोन टायरच्या खांद्याचं रबर सोलून निघालेलं. काकू गाडीतून उतरल्या, माझ्याकडे बघितलं आणि काही बोलल्या नाहीत. शिव्या परवडल्या असत्या.

तेव्हापासून व्यासात तीन टक्क्यांवर फरक जात असेल तर मी टायर बसवत नाही, गिऱ्हाईक पुढच्या दुकानात गेलं तरी चालेल. व्यास काढायला कॅल्क्युलेटर पुरतो: रुंदीचे टक्के काढून दुप्पट करा, त्यात डिस्कचे इंच गुणिले २५.४ मिळवा. फॉर्च्युनरचंच बघा. कंपनी २६५/६५ आर १७ देते, तसं २६५/६० आर १८ ही देते. डिस्क मोठी, कड बुटकी. व्यासात फरक एक मिलिमीटरचा. साइज बदलायची ती अशी.

लोड इंडेक्स, म्हणजे वजन उचलायचा आकडा, न बघणं. साइज तीच, पण १०४ च्या जागी ९९ घेतला तर दर टायरमागे १२५ किलो कमी झाले. स्वस्त का मिळाला, ते इथे कळतं.

तारीख न बघणं. कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नवा कोरा दिसला तरी वाचा.

मनाली, बर्फ आणि यूट्यूब

दर नोव्हेंबरला दोघं-तिघं येतात. "डिसेंबरात मनाली करतोय, विंटर टायर मागवून द्या." व्हिडिओ बघून आलेले असतात, त्यामुळे माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं.

विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. साधारण सात अंशांच्या खाली साधा टायर कडक होतो, हा होत नाही. सोलापुरात सात अंश कुठून आणणार? डिसेंबरात पहाटे आपण कानटोपी घालून कुडकुडतो तेव्हाही पारा त्याच्या बराच वर असतो. उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको, चाळिशी ओलांडलेली असते. म्हणजे आठ दिवसांच्या बर्फासाठी मऊ टायर घालून निम्मा देश गरम डांबरावर घासत जायचं. झिजतोही लवकर आणि तापल्या रस्त्यावर ब्रेकला गाडी थांबायला अंतरही जास्त लागतं. वर इथे तो हव्या त्या साइजमध्ये मिळणं मुश्कील. नव्या टायरच्या आयातीवर जून २०२० पासून बंधनं आहेत, आणि "साइज नाही, जवळपासची चालेल का?" हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. नाही चालणार. डांबरावर जी साइज चुकीची, ती बर्फावरही चुकीचीच.

कडेला 'एम' आणि 'एस' (मड आणि स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) अक्षरं आहेत म्हणून बर्फाचा टायर झाला, असंही नाही. ती अक्षरं कंपनी स्वतःच छापते. तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असेल तर बर्फावर चाचणी झालेली असते.

मी काय करतो? खाच चांगली खोल असलेले आपलेच टायर, आणि टायरच्या साइजप्रमाणे घेतलेल्या, बर्फात टायरवर चढवायच्या चेन. चेनलाही साइज असते. सैल चेन सुटून ब्रेकच्या पाइपवर आपटते. दुकानातच एकदा चढवून बघायची, बर्फात गुडघ्यावर बसून पहिला प्रयोग करायचा नाही. तेही जमत नसेल तर गाडी मनालीत उभी करा आणि वरती अटल बोगद्याकडे तिथली टॅक्सी करा. यात कमीपणा काही नाही, पण रीलवाल्यांना हे सांगून उपयोग नसतो.

भाच्याची केस

ज्याला खरंच विंटर टायर लागतात असा माझा एकच माणूस, मॉन्ट्रियलला असलेला भाचा. तिकडे क्युबेकात १ डिसेंबर ते १५ मार्च हे टायर कायद्यानेच सक्तीचे. त्याची टोयोटा राव्ह-फोर २३५/५५ आर १९ वर आलेली. फोन केला, "मामा, बर्फात जास्त रुंद घेऊ ना, पकड बसेल."

"का बे, वाळूत चालवतोयस का?" म्हटलं. ताज्या बर्फात जरा अरुंद टायर बरा, तो बर्फ कापत खाली जातो. रुंद टायर वर तरंगतो. त्याच मॉडेलच्या साध्या व्हेरियंटला कंपनी २२५/६५ आर १७ देते. व्यास ७४१ वरून ७२४, दोन टक्क्यांच्या जरा वर, माझ्या हद्दीत. कड उंच, त्यामुळे बर्फाखालचे खड्डे डिस्कला लागत नाहीत, आणि टायर स्वस्तही पडतो. फक्त डिस्क ब्रेकच्या कॅलिपरवरून नीट जाते की नाही ते आधी बघायला सांगितलं. वेगळ्या डिस्कवरच कायम चढवून ठेव, हेही बजावलं. दर सीझनला टायर उचकटून त्याची कड खराब करायची नाही.

तरी पठ्ठ्या विचारतोच, "पुढचे दोनच घेतले तर?" मग वळणावर गाडीचा मागचा भाग तुझ्या पुढे जाईल. चारही घे.

त्याची शेवटची तक्रार, हवा रोज कमी होते, टायर खराब निघाले. हवा कुठे भरली विचारलं, तर हीटर लावलेल्या गॅरेजात, वीस अंशांत. बाहेर उणे पंधरा. दर पाच-सहा अंशांना एक पौंड हवा उतरते, म्हणजे दारातून बाहेर पडून गाडी गार झाली की सहा पौंड गेलेच. टायरचा काय दोष? आपल्याकडे उलटं होतं. मे महिन्यात दुपारी पुण्याहून आलेली गाडी तापलेली असते, काटा चार पौंड जास्त दाखवतो आणि लोक हवा सोडून देतात. सकाळी गार टायरवर मोजा, आकडा दारावरच्या स्टिकरचा. टायरवर लिहिलेला आकडा जास्तीत जास्त हवेचा असतो, भरायचा नव्हे.

ते डाळिंबवाले अजून येतात. टायर परत २३५/६५ वर गेले, त्यातले दोन माझ्या खिशातून. आता गाडी लावली की ते बोलायच्या आधी खाली वाकतात आणि म्हणतात, "आधी स्टेपनी बघा, मालक."